साखरपुड्याची अंगठी आणि दोन ग्रॅमची पळवाट

साखरपुड्याच्या खरेदीला सराफाकडे सहसा सहा-सात माणसं जातात. मुलगा, मुलगी, दोघांच्या आया, एखादी मावशी आणि 'पेढी आपल्या ओळखीची आहे' असं सांगणारे एक काका. मुलाकडचे मुलीची अंगठी घेणार, मुलीकडचे मुलाची. म्हणजे पैसे एकाचे, बोट दुसऱ्याचं आणि पसंती तिसऱ्याची. अशा घोळक्यात 'घडणावळ किती लावलीत?' असं विचारणं व्याह्यांसमोर चिक्कूपणाचं वाटतं. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा माणूस इथे साठ-सत्तर हजारांचं बिल न वाचता घडी घालून खिशात ठेवतो.

सगळे सराफ लबाड असतात असं मुळीच म्हणायचं नाही. पण गेल्या काही वर्षांत सोनं घेणाऱ्याला जे कायद्याचं संरक्षण मिळालं, ते नेमकं अंगठीपाशी येऊन तोकडं पडतं. बांगडीला, मंगळसूत्राला, गोफाला ते पुरतं. हलकी अंगठी त्यातून निसटते, आणि अंगठीत हिरा असेल तर निम्म्याहून अधिक किमतीला ते शिवतही नाही. हे नियम बदलायला हवेत, आणि ते बदलेपर्यंत ग्राहकाने भीड सोडून या गोष्टी बिलावर लिहून घ्यायला हव्यात.

आधी आहे तो नियम पाहू. जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क, म्हणजे शुद्धता तपासल्याची खूण, सक्तीचा झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक नसलेला डाग (दागिना) दुकानात विकता येत नाही. अंगठी दहापट भिंगाखाली धरली की कड्याच्या आतल्या बाजूला तीन खुणा दिसल्या पाहिजेत: भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि हा क्रमांक. शुद्धता '२२के९१६' अशी लिहिलेली असते, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. १८ कॅरेटला ७५०, १४ कॅरेटला ५८५, आणि जुलै २०२५ पासून ९ कॅरेटलाही ३७५ ही खूण मिळते.

एचयूआयडी प्रत्येक डागाचा वेगळा असतो. 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये तो टाकला की सराफाची नोंदणी, कोणत्या केंद्रात तपासणी झाली, शुद्धता आणि डागाचा प्रकार समोर येतो. हा प्रकार जरूर वाचावा. हातात अंगठी आणि अॅपवर 'पेंडंट' असेल तर तो क्रमांक त्या अंगठीचा नव्हे. दुकानात उभ्या उभ्या हे काम मिनिटभराचं आहे, आणि ते पैसे देण्याआधी करायचं असतं. 'केडीएम आहे, काळजी नको' या उत्तरावर समाधान मानू नये. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाक. तो सांधा जोडायची एक पद्धत आहे, शुद्धतेची हमी नव्हे, आणि कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असतो.

आता पळवाट. याच नियमांत दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही. कुंदन, पोलकी आणि जडाऊ कामालाही नाही, आणि वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफालाही नाही. चमकी, मुरणी, कानातल्या फुल्या यांच्यासाठी दोन ग्रॅमची सूट समजण्यासारखी आहे. त्यांच्यावर खूण उमटवायला जागाच नसते. पण सूट वजनावर बांधलेली आहे आणि सोन्याचा दर वजनावर थांबत नाही. २०२५ मध्ये दहा ग्रॅम शुद्ध सोन्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. दर चढला तसे डाग हलके झाले. मुलीच्या अंगठीत आज १८ कॅरेटचं दीड-पावणेदोन ग्रॅमचं कडं आणि त्यावर बारीक हिरे हा सर्रास नमुना आहे. म्हणजे नियमातलं एक अक्षरही न बदलता बिनतपासणीच्या डागाची किंमत वाढत गेली, आणि ज्या वर्षांत हॉलमार्कची सर्वाधिक गरज होती त्याच वर्षांत अंगठ्या त्याच्या खालून निसटू लागल्या.

अंगठीला ही सूट देण्याचं तांत्रिक कारणही उरलेलं नाही. एचयूआयडी लेझरने कोरतात. दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या कड्यात त्याला पुरेशी जागा असते. खर्च म्हणाल तर हॉलमार्किंगचं शुल्क डागामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर. म्हणून नियम सुटसुटीत असावा: वजन काहीही असो, अंगठी असेल तर हॉलमार्क हवाच. चमकीची सूट चमकीपुरतीच राहू दे.

तोवर काय करावं? दुकानदाराला सरळ सांगावं की हॉलमार्क करून द्या. नाही म्हणाला तर १.९० ग्रॅमऐवजी २.१० ग्रॅमचा डाग पाहावा. दोन दशांश ग्रॅम जास्त सोनं गेलं तरी ते सोनंच आहे, वाया जात नाही, आणि कडंही थोडं जाड मिळतं. आधीच घेतलेली अंगठी असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात कोणालाही तपासून घेता येते. चार डागांपर्यंत मिळून २०० रुपये शुल्क आहे. मावशीच्या वेळच्या बिनहॉलमार्कच्या अंगठीची उगाच धास्ती नको. बंदी सराफाने विकण्यावर आहे, ग्राहकाने असा डाग बाळगण्यावर किंवा मोडीत देण्यावर नाही.

शुद्धतेचं एवढं झालं. पण अंगठीत माणूस शुद्धतेपेक्षा जास्त पैसे घडणावळीत घालवतो, आणि तिथे कायदा जवळजवळ गप्प आहे. हिशेब सोपा पडावा म्हणून २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू. पाच ग्रॅमचं साधं वेढणं. सोनं ५०,००० रुपयांचं. एका पेढीत घडणावळ ८ टक्के: ४,००० रुपये, त्यावर ३ टक्के जीएसटी, एकूण ५५,६२०. दुसऱ्या पेढीत १८ टक्के: ९,००० रुपये, जीएसटीसह ६०,७७०. दर तोच, वजन तेच, हॉलमार्कही तोच, आणि फरक ५,१५० रुपयांचा. हाच डाग दुसऱ्या दिवशी मोडीत दिला तर हातात सोन्याचे ५०,००० येतील, तेही घट कापली नाही तर. घडणावळ आणि जीएसटी कोणी परत करत नाही.

साध्या वेढण्याला १८ टक्के हा दर कशाचा, हे विचारायला हवं. यंत्रावर निघणाऱ्या गुळगुळीत कड्याला आणि हाताने जाळीकाम केलेल्या अंगठीला सारखे कष्ट पडत नाहीत. आणि टक्क्यांच्या पद्धतीतच एक गोम आहे. सोनं ग्रॅमला ५,००० रुपये होतं तेव्हा १४ टक्के म्हणजे ग्रॅममागे ७०० रुपये. दर दुप्पट झाला की तेच १,४०० होतात. कारागिराने हातोडी जास्त वेळा मारलेली नसते, मूसही तीच आणि पॉलिशही तेवढंच. डाग जास्त किमतीचा म्हणून दुकानदाराची जोखीम आणि विमा काही प्रमाणात वाढतो, हे मान्य. पण वाढलेली सगळी घडणावळ त्या खात्यावर टाकता येणार नाही. म्हणून घडणावळ बिलावर रुपयांत आणि ग्रॅममागे किती, अशी लिहिली जावी. दोन दुकानांची तुलना तेव्हाच होते.

टक्क्यांत लिहिलं की सुटीचा खेळही सोपा होतो. 'घडणावळीवर ५० टक्के सूट' असा फलक लागतो आणि मूळ दर २० टक्के असतो. शेजारची पेढी कसलाही फलक न लावता ९ टक्के घेते. 'घडणावळ शून्य' असेल तिथे 'घट' नावाचा दुसरा रकाना शोधावा, नाहीतर ग्रॅमचा दरच चढा असतो. त्या दिवसाचा दर इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनच्या संकेतस्थळावर सकाळ-संध्याकाळ येतो. स्थानिक सराफ असोसिएशनचा दर त्याच्या थोडा वरखाली असू शकतो, पण शंभर-दोनशे रुपयांपलीकडे तफावत असेल तर कारण विचारावं. अकरा महिन्यांच्या हप्त्यांच्या योजनेतून अंगठी घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे बहुतेक वेळा सूट घडणावळीवर मिळते, सोन्यावर नाही, आणि अकरा महिने पैसे त्या पेढीकडे बिनतारण पडून असतात.

जुना डाग मोडून अंगठी करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. आईची पाटली देऊन दोन अंगठ्या करायच्या, हे अनेक घरांत चालतं आणि ते शहाणपणाचंही आहे. तिथे क्रम महत्त्वाचा. आधी आपल्यासमोर वजन, मग मशीनवर टंच, म्हणजे शुद्धता, मग पाटली आपल्यासमोर आटवून पुन्हा वजन आणि पुन्हा टंच. टंच काढणारं एक्सआरएफ मशीन फक्त वरचा थर वाचतं. आत डाक किंवा लाख असेल तर आटणीनंतरच खरा आकडा कळतो. आटवल्यावर कमी झालेलं वजन हे डाक, लाख आणि मळाचं असतं, त्याचा हिशेब कागदावर घ्यावा. आपलंच सोनं सोनाराला देऊन नुसती मजुरी दिली आणि सोनार जीएसटी नोंदणी असलेला असेल, तर मजुरीवर ५ टक्के लागतात. तयार अंगठीवर ३ टक्के घडणावळीसह सगळ्या रकमेवर लागतात.

हिऱ्याच्या अंगठीत गुंतागुंत खरी सुरू होते, म्हणून इथे जरा रेंगाळायला हवं.

हिऱ्याची अंगठी २२ कॅरेटमध्ये सहसा करत नाहीत, कारण २२ कॅरेट सोनं मऊ असतं आणि खडा धरणारे प्रॉन्ग वाकतात. १८ कॅरेट, कधी १४ कॅरेट. २२ कॅरेटचा दर १०,००० असेल तर १८ कॅरेटचा साधारण ८,२०० पडतो. आता एक अंगठी: एकूण वजन ३.५०० ग्रॅम, त्यात अर्धा कॅरेट हिरा. सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता, पण हिऱ्यात ते वजन असतं: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा हिऱ्याचं वजन ०.१०० ग्रॅम आणि निव्वळ सोनं ३.४०० ग्रॅम. सोन्याचे २७,८८० रुपये. हिरा, समजा, कॅरेटला ७०,००० दराने ३५,००० रुपये. घडणावळ ग्रॅममागे १,२०० धरून ४,०८०. बेरीज ६६,९६० आणि ३ टक्के जीएसटी धरून सुमारे ६८,९७०. यात सोन्याचा वाटा ४० टक्के. म्हणजे हॉलमार्कची हमी या अंगठीच्या पाचांपैकी दोन रुपयांनाच आहे.

या बिलात चुका कुठे होतात? पहिली, सोन्याचा दर २२ कॅरेटचा लावला जातो. ३.४ ग्रॅमवर हा फरक ६,१२० रुपयांचा होतो. दुसरी, एकूण वजनालाच सोन्याचं वजन धरलं जातं. अर्ध्या कॅरेटला नुकसान ८२० रुपयांचं, पण पाच कॅरेटचा पुष्कराज असेल तर सोन्याच्या भावाने एक ग्रॅम दगड विकत घेतला जातो. तिसरी, आणि सर्वांत जास्त घडणारी: हिऱ्यासमोर नुसताच एक आकडा असतो. किती कॅरेट, कॅरेटचा दर काय, रंग-स्वच्छता कोणती, काहीच नाही. हॉलमार्कच्या नियमांनुसार बिलावर डागाचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट-शुद्धता आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगळं दाखवणं बंधनकारक आहे. त्यात हिऱ्याचे तीन रकाने वाढवायला हवेत: वजन कॅरेटमध्ये, प्रत आणि कॅरेटचा दर. संगणकावर बिल काढणाऱ्या पेढीकडे ही माहिती आधीच असते. ती छापायची नसते, एवढंच.

प्रत म्हणजे रंग, स्वच्छता आणि पैलू. याचा अभ्यास दुकानदाराला करू द्यावा, पण दोन-तीन गोष्टी पाठ असाव्यात. रंगाची मोजणी 'डी'पासून सुरू होते आणि पुढे पिवळसरपणा वाढत जातो. पिवळ्या सोन्यात 'एच', 'आय' रंगाचा हिराही डोळ्याला पांढराच दिसतो, तेव्हा तिथे 'ई-एफ'साठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये फरक थोडा जाणवतो. स्वच्छतेत 'व्हीएस-२' किंवा चांगला 'एसआय-१' नुसत्या डोळ्याला निर्मळ दिसतो. भिंगाखालचा ठिपका पाहुण्यांना दिसत नाही. पैसे वाचवायचे नाहीत ते पैलूंवर. गोल हिऱ्याचा पैलू 'एक्सलंट' असेल तर कमी रंगाचा हिराही चमकतो. पैलू चुकला तर 'डी' रंगाचाही विझलेला दिसतो.

वजनाचं एक गणित आहे. अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा साधारण ५.१ ते ५.२ मिलिमीटर व्यासाचा, ०.४५ कॅरेटचा ४.९ ते ५ मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरही नाही. पण ०.३०, ०.५०, १.०० या टप्प्यांवर कॅरेटचा दरच उडी मारतो, म्हणून टप्प्याच्या किंचित अलीकडचा हिरा घेणं नेहमी फायद्याचं. आणि मध्यभागी एकच मोठा हिरा व सगळे मिळून पन्नास सेंटचे (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) बारीक हिरे या दोन्हींना 'अर्धा कॅरेट' म्हणतात. बारीक हिऱ्यांचा कॅरेटचा दर एकसंध हिऱ्यापेक्षा बराच कमी असतो. बिलावर 'एकूण ०.५० कॅरेट' एवढंच लिहिलं असेल तर किती नग, हे लिहून घ्यावं.

प्रमाणपत्राचं तसंच. हिरा अंगठीत बसवल्यावर दिलेलं प्रमाणपत्र आणि सुट्या हिऱ्याचं प्रमाणपत्र यांत फरक आहे. बसवलेल्या हिऱ्याची कडा आणि तळ प्रॉन्गमागे लपतो, रंगावर सोन्याची छाया पडते, म्हणून प्रत अंदाजे लिहिली जाते. मधला हिरा ३० सेंटच्या वर असेल तर जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं सुट्या हिऱ्याचं प्रमाणपत्र मागावं आणि त्याचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला आहे का, हे दुकानातल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं. तो क्रमांक बिलावरही आला पाहिजे. मुंबईत दोन्ही संस्थांचं काम चालतं, तेव्हा 'इथे नाही मिळत' हे कारण टिकत नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एका बाजूला 'तो खोटा', दुसऱ्या बाजूला 'तोच आता खरा, त्यात पैसे गुंतवा'. दोन्ही चूक. सीव्हीडी पद्धतीत वायूतून कार्बनचे थर साचवून आणि एचपीएचटी पद्धतीत प्रचंड दाब व उष्णता देऊन जे तयार होतं ते रसायनाने हिराच आहे. दुकानातला साधा उष्णता मोजणारा टेस्टर तो खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळा ओळखू शकत नाही. त्यासाठी वर्णपटाची यंत्रं लागतात. उलट मॉइसनाइट हा खडा हिरा नसूनही त्या टेस्टरला चकवतो. सुरतेत हे हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या पहिल्या महिला जिल बायडन यांना भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच प्रयोगशाळेतला होता. तेव्हा कमीपणा वाटण्याचं कारण नाही.

पण जे यंत्रातून निघतं त्याची किंमत यंत्रं वाढली की उतरते. डी बिअर्स या खाणीतल्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने २०१८ मध्ये स्वतःचा 'लाइटबॉक्स' हा ब्रँड कॅरेटला ८०० डॉलर अशा ठरावीक दराने आणला. त्या वेळी तो दर स्वस्त वाटला होता. २०२५ मध्ये कंपनीने तो ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं, कारण बाजारभाव फार खाली गेले होते. याच वर्षी जीआयएने या हिऱ्यांना रंग-स्वच्छतेच्या अक्षरांऐवजी 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' अशा दोनच प्रती द्यायचं ठरवलं. ज्या मालाची प्रत दोन खणांत मावते, त्यात 'व्हीव्हीएस' या वरच्या स्वच्छतेसाठी जास्त पैसे मोजणं शहाणपणाचं नाही. मोठा, देखणा खडा घालायला हवा असेल तर प्रयोगशाळेतला हिरा जरूर घ्यावा आणि दिलेले पैसे खर्च झाले असं समजावं. प्रमाणपत्रावर 'लॅब-ग्रोन' असं स्पष्ट हवं. आयजीआयच्या अशा अहवालाचा क्रमांक 'एलजी'ने सुरू होतो.

खाणीतला हिरा तरी गुंतवणूक आहे का? अर्धा कॅरेटच्या आसपासच्या अंगठीत तो नाही, आणि कधी नव्हता. हिरा म्हणजेच वाङ्निश्चय ही समजूत १९३०च्या दशकाच्या शेवटापासून डी बिअर्सने अमेरिकेत जाहिरातींच्या जोरावर रुजवली. आपल्या आज्यांच्या साखरपुड्यात सोन्याचं वेढणं पुरत होतं. पेढ्या 'हिऱ्याला ९० टक्के परत' असं सांगतात तेव्हा दोन गोष्टी बोलण्यात राहून जातात: हे ९० टक्के बहुतेक वेळा बदली डागासाठी असतात, रोखीसाठी टक्केवारी खाली येते, आणि ते मूळ बिलाचे आहेत की त्या दिवसाच्या बाजारभावाचे, हे तोंडी राहतं. म्हणून परतखरेदीची अट बिलाच्या पाठीमागे छापलेली असणं सक्तीचं करावं: बदलीला किती, रोखीला किती, कोणत्या दराने आणि मूळ प्रमाणपत्र हरवलं तर काय. ही माहिती विक्रीच्या क्षणी लेखी मिळाली तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

किमतीच्या मागे लागून बनावटीकडे दुर्लक्ष होतं, आणि अंगठी तर रोज हातावर असते. कडं १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर ते वाकतं. वाकलं की प्रॉन्ग सैल होतात आणि खडा पडतो. पोकळ कडं हलकं असूनही भरीव दिसतं, पण एकदा चेमटलं की सरळ होत नाही आणि मापही बदलता येत नाही. चार प्रॉन्गांपैकी एक तुटला तर हिरा गेला. सहा असतील तर बाकीचे पाच धरून ठेवतात. कणीक मळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हाताला उंच उभा खडा सोयीचा नाही. पीठ खड्याच्या मागे बसतं आणि चमक जाते. कोंदणात बसवलेला, खाली दबलेला खडा अशा हाताला बरा. घरच्या घरी तपासायचं असेल तर लोकरीचा धागा खड्यावरून ओढावा. धागा अडकला तर प्रॉन्ग उचललेला आहे. अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारली आणि आत किणकिण ऐकू आली, तर ती त्याच दिवशी सोनाराकडे न्यावी. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो. रोज घातली तर वर्ष-दोन वर्षांत पिवळसर छटा दिसू लागते आणि तो पुन्हा द्यावा लागतो, हा खर्च आधीच धरावा.

मापाच्या चुका तर साखरपुड्याच्या दिवशी चारचौघांत उघड होतात. गुपचूप मैत्रिणीकडून दोरा आणून माप घेण्यापेक्षा दुकानातल्या कड्यांच्या जुडग्याने घ्यावं, संध्याकाळी, हात सामान्य तापमानाला असताना. अंगठी सांध्यावरून थोडी अडखळत उतरली पाहिजे. भारतीय मापात एक नंबर म्हणजे परिघात साधारण एक मिलिमीटर. बारा नंबर म्हणजे आतला व्यास साधारण साडेसोळा मिलिमीटर, अमेरिकेतला सहा नंबर. मुलगा तिकडे असेल आणि माप फोनवर सांगत असेल तर नंबराऐवजी मिलिमीटरच विचारावेत. पाच-सहा मिलिमीटर रुंद पट्टी असेल तर एक नंबर मोठी घ्यावी. नंतर माप एक-दोन नंबरांनी बदलता येतं, पण पूर्ण फेरा हिऱ्यांचा असेल तर जवळजवळ नाहीच. आणि कापताना एचयूआयडीची जागा सोडून कापायला सोनाराला बजावावं.

आता सराफांची बाजू. नियम वाढले की छोट्या सोनाराचं मरण होतं, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. एकदोन डाग घेऊन केंद्रावर गेलं तरी किमान २०० रुपये भरावे लागतात आणि तालुक्याच्या गावाहून केंद्र लांब असतं. पण ४० लाखांखालचे सोनार आजही सक्तीच्या बाहेर आहेत, आणि दोन ग्रॅमची सूट अंगठीपुरती काढली तरी ते बाहेरच राहतील. जास्त माल विकणाऱ्या मोठ्या पेढ्यांना मात्र एकेका अंगठीमागे ४५ रुपये जड जाण्याचं कारण नाही. दुसरा आक्षेप असा की घडणावळीत नक्षी, दुकानाचं भाडं, नाव, सगळं येतं आणि ते ग्रॅममध्ये मोजता येत नाही. मग ते 'नाव' म्हणून वेगळं दाखवा. ग्राहक नावाचे पैसे द्यायला तयार असतो. आपण नावाचे किती दिले, हे त्याला कळलं पाहिजे.

शेवटी तक्रारीचा प्रश्न, आणि सोनं व हिरा यांच्यातली दरी इथे सर्वांत जास्त उघडी पडते. हॉलमार्क असलेल्या अंगठीत सोनं लिहिलेल्या शुद्धतेपेक्षा कमी निघालं तर २०१८ च्या बीआयएस नियमांत भरपाईचं सूत्रच दिलेलं आहे: विकलेल्या वजनावर शुद्धतेतली जी तूट, तिच्या किमतीच्या दुप्पट आणि वर तपासणीचा खर्च. 'बीआयएस केअर'वर तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. हिऱ्यात मात्र 'व्हीएस' लिहून त्याखालच्या प्रतीचा 'एसआय' दिला, तर ग्राहकाने आधी स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आणायचा, मग प्रतीतला फरक किती रुपयांचा हे सिद्ध करायचं, आणि बिलावर कॅरेटचा दर नसल्याने ते सिद्ध होतच नाही. हिऱ्याच्या प्रतीलाही हेच दुपटीचं सूत्र लागू करावं, आणि त्याचा आधार म्हणून प्रमाणपत्राचा क्रमांक व कॅरेटचा दर प्रत्येक बिलावर छापायला लावावा. कोणाकडे हा क्रमांक छापायला नसेल, तर त्याने ते 'प्रमाणपत्र नाही' अशा शब्दांत, ग्राहकाच्या सहीसह, त्याच बिलावर लिहावं.